डुकरांच्या फार्मवर श्वसनाचा नवा विषाणू शिरलाय हे वेळेत कसं ओळखायचं? घरी वापरायची किट मिळते का?

किटचं नंतर. 'वेळेत' म्हणजे खोकला ऐकू येण्याच्या आधी. हे मी नागपूरच्या उमरेड रोडवरच्या एका फार्मवर चारचौघांत बोलणी खाऊन शिकलो.

दीडेकशे डुकरं, डिसेंबरची थंडी. मालकाने शेडला चारही बाजूंनी ताडपत्री बांधलेली, आत पाऊल टाकलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. खाद्य टाकणारा पोरगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सातव्या कप्प्यातले खाद्यावर येऊनच नाही राहिले." खोकला कुठेच नव्हता. थर्मामीटर लावला, तर चौघांना १०५ च्या वर. म्हटलं, आजच नाकाचे स्वॅब घेऊ. मालकाने एका सीनियर डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हवा बदलली, दुसरं काय! ऑक्सिटेट्रासायक्लिनचं अँटिबायोटिक दे आणि घरी जा."

नऊ दिवसांनी अर्धी शेड खोकत होती. तेव्हा त्यांनीच स्वॅब घेतले. पाच. तेही सगळ्यात मरतुकडी जनावरं निवडून. रिपोर्ट निगेटिव्ह. "म्हटलं नव्हतं?" असं सगळ्यांसमोर ऐकवलं. पोरगासुद्धा हसला.

आजही सांगतो, ते चूक होते. इन्फ्लुएंझा (फ्लू) डुकराच्या नाकातून साधारण पाच ते सात दिवसच बाहेर पडतो. नवव्या दिवशी धापा टाकणाऱ्या जनावरात मागून शिरलेला पाश्चुरेला हा जिवाणू सापडेल, विषाणू केव्हाच पसार. स्वॅब घ्यायचा तो नुकत्याच तापलेल्या, खाणं सोडलेल्या जनावराचा. आणि पाच नमुने? कळपातली १० टक्के जनावरं बाधित असतील, तर त्यातलं एक तरी हाती लागेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास तीसेक लागतात. पाचांत ते हुकण्याचीच शक्यता जास्त.

पुढच्या हिवाळ्यात त्याच फार्मवर मी दोर नेला. सीताबर्डीत घेतलेला साधा जाड सुती दोर. डुकराच्या खांद्याच्या उंचीला बांधला, टोकाचे पीळ सोडले आणि बाजूला झालो. आधी मोठी डुकरं चघळायला तुटून पडली, बुजरी शेवटी आली. वीस-पंचवीस मिनिटांत टोक लाळेने थबथबलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिळलं, पिशवीचा कोपरा कापून गढूळ लाळ नळीत घेतली आणि नळी बर्फात. धरपकड नाही, किंकाळ्या नाहीत, अख्ख्या कप्प्याचा नमुना एका दोरात. यावेळी इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह आला. चौकशी केली तर पोरालाच चार दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला. कोणी कोणाला दिला हे सिक्वेन्सिंगशिवाय, म्हणजे विषाणूची जनुकं वाचल्याशिवाय, सांगता येत नाही आणि ते झालं नाही. पण २००९ चा एच१एन१ माणसांकडून डुकरांत गेल्याचं बऱ्याच देशांत दिसलंय. तेव्हा हजेरीच्या वहीत माणसांचा तापही लिहा.

आता 'नवा' विषाणू. पीसीआर (नमुन्यात ठरावीक विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) तुम्ही विचारलेल्या विषाणूबद्दलच सांगते. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह डुकरांत पसरला. डुकरं भुंकल्यासारखी खोकत होती आणि यंत्रणा जपानी मेंदूज्वर समजून डासांवर धूर मारत होती. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. आपल्याकडे पीआरआरएस (डुकरांत गर्भपात आणि श्वसनाचा आजार करणारा विषाणू) २०१३ साली मिझोराममध्ये पहिल्यांदा सापडला. म्हणून फ्लू निगेटिव्ह आला की फाईल बंद करू नका. पीआरआरएस आणि सर्कोव्हायरस (डुकरांचाच आणखी एक विषाणू) तपासायला सांगा. तरीही उत्तर मिळालं नाही आणि जनावरं मरत असतील, तर पशुसंवर्धन खात्यामार्फत नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरा. तुमचा डॉक्टर 'हवा बदलली' म्हणाला, तर डॉक्टर बदला.

किट म्हणाल तर माणसांच्या फ्लूसाठी मिळणाऱ्या झटपट पट्ट्यांवर डुकरात फार भरवसा ठेवू नका. विषाणू कमी असला की पट्टी कोरी राहते, आणि रेघ आली तरी उपप्रकार (एच१एन१ की दुसरा) कळत नाही.

दोराचीही खोट आहे. दूध पिणारी पिल्लं तो चघळत नाहीत, आणि कुठलं जनावर बाधित आहे हे त्यातून कळत नाही. लाळेतल्या घाणीने पीसीआर अडते, म्हणून प्रयोगशाळा लाळ घेते का हे आधी फोन करून विचारा. आणि मे महिन्यात नमुना नेणार असाल, तर नागपुरातून निघताना बर्फ दुप्पट घ्या.