डिझेल हीटर थेट चार्जरवर चालवता येईल का?

आपण विचारले आहे की, गोव्यात, पर्वरीला स्वतः तयार केलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १२ व्होल्टचा, ५ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवून हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला जायचे आहे; मुक्कामी विजेचा प्लग मिळाला तर बॅटरी बाजूला ठेवून १० ॲम्पिअरच्या ऑटोमॅटिक चार्जरवरच हीटर चालवता येईल का, आणि प्लग नसेल तेथे घरच्या इन्व्हर्टरची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी पुरेल का. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरांचे आणि अलीकडे राहण्याजोग्या गाड्यांचे वायरिंग मी करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. चार्जरवर थेट हीटर चालवू नये. हीटरला वीज कायम बॅटरीनेच द्यावी, चार्जरने फक्त बॅटरी भरावी, आणि हीटर पूर्ण थंड होईपर्यंत बॅटरी आणि हीटर यांच्यामधला पुरवठा कोणत्याही कारणाने तुटू नये, एवढी काळजी घेऊन सगळी जोडणी करावी.

आधी ५ किलोवॅटचा घोळ दूर करतो, कारण ५००० भागिले १२ असा हिशेब करून आपल्याला चारशेहून अधिक ॲम्पिअरची धास्ती वाटली आहे. ती ५ किलोवॅट म्हणजे डिझेल जळून मिळणारी उष्णता आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणून पूर्ण क्षमतेवर हीटर ताशी साधारण अर्धा लिटर डिझेल घेतो. वीज लागते ती पंखा, इंधनाचा छोटा पंप, कंट्रोलर आणि ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेवर तापणारी कांडी) यांना. त्यांपैकी ग्लो प्लगच खरा खादाड आहे: सुरू करताना काही मिनिटे तो ८ ते १० ॲम्पिअर घेतो, ज्योत स्थिरावली की बंद होतो, आणि मग हीटरची भूक १ ते ३ ॲम्पिअरवर येते. बंद करण्याचे बटण दाबल्यावर अनेक हीटरांमध्ये ग्लो प्लग थोडा वेळ पुन्हा तापतो, म्हणजे उरलेले इंधन जळून जाते.

खरा धोका बंद करण्याच्या टप्प्यातच आहे. बटण दाबले की पंप थांबतो, परंतु पंखा पुढे काही मिनिटे फिरत राहतो आणि ज्वलनकक्षातली व ॲल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरमधली उष्णता बाहेर काढतो. त्या क्षणी, किंवा हीटर पूर्ण जोरात असताना, वीज अचानक गेली तर पंखा जागीच थांबतो आणि साठलेली उष्णता मागे, कंट्रोलरच्या सर्किट बोर्डाकडे व प्लॅस्टिकच्या आवरणाकडे सरकते. आवरण वितळते, सेन्सर जातात, अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी आत बसते आणि पुढच्या वेळी हीटर धुराने भरून जातो. बॅटरी मध्ये नसेल तर मुक्कामाच्या गावातली वीज गेली की नेमके हेच होईल. आपल्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली तर आपण मेणबत्ती शोधतो एवढेच. हिमालयातल्या गावात रात्री दोन वाजता ती गेली तर हीटरही जातो आणि ऊबही जाते.

दुसरे कारण चार्जरच्या स्वभावातच आहे. ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असलेल्या जुन्या पद्धतीच्या चार्जरमधून सपाट डीसी निघत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सेकंदाला १०० वेळा चढतो आणि शून्याकडे उतरतो. बॅटरी जोडलेली असली तर ती हे चढउतार पोटात घेते, नसली तर ते सरळ हीटरच्या कंट्रोलरवर आदळतात. आपला चार्जर ऑटोमॅटिक असल्यामुळे त्याची अडचण वेगळी आहे: समोर बॅटरीचा दाब दिसल्याशिवाय असे बहुतेक चार्जर काही देतच नाहीत, आणि ग्लो प्लगचे १० ॲम्पिअर एकदम मागितले गेले की दोष समजून पुरवठा थांबवतात. काही चार्जरांत जुनी बॅटरी सुधारण्याचा एक टप्पा असतो, ज्यात दाब १५ व्होल्टच्याही वर जातो. तो वापरायचा असेल तेव्हा हीटर बॅटरीपासून पूर्णपणे वेगळा करावा.

बॅटरीवर हीटर आणि त्याच बॅटरीवर चार्जर, अशी एकत्र जोडणी मात्र योग्य आहे. हीटर सरासरी २ ॲम्पिअर घेत असेल तर आपल्या १० ॲम्पिअरच्या चार्जरकडे ८ ॲम्पिअर बॅटरीसाठी उरतात, आणि सुरुवातीच्या झटक्याचा भार बॅटरी उचलते. दोन-तीन ॲम्पिअरचा छोटा चार्जर घेतला असता तर हीटर जेवढे खाई तेवढेच तो देत राहिला असता आणि बॅटरी कधी भरलीच नसती. हीटरची ओढ चालू असल्यामुळे ऑटोमॅटिक चार्जरला बॅटरी भरल्याचे कळायला उशीर लागू शकतो आणि तो बराच वेळ १४.४ व्होल्टच्या आसपास अडकून राहतो. म्हणून दिवसा हीटर बंद असताना चार्जरला आपले चक्र पूर्ण करू द्यावे. भिंतीतून हा चार्जर साधारण एक ॲम्पिअरच घेतो, त्यामुळे एक्स्टेंशनच्या जाडीपेक्षा तिसऱ्या पिनेच्या अर्थिंगकडे आणि जोड बर्फात भिजणार नाही याकडे लक्ष द्या.

आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी झोपण्याच्या खोलीत न्यावी असे मला मुळीच वाटत नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. शिवाय घाटातल्या वळणांवर आम्ल उसळते. एजीएम प्रकारची बंद बॅटरी किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, आणि ती इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून स्वतंत्र ठेवावी, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

ती पुरेल का, याचे उत्तर गोव्यातल्या हवेवरून काढता येत नाही. बारा तासांच्या रात्रीला २ ॲम्पिअरने २४, सुरू-बंद करण्याचे एखादे, म्हणजे रात्रीचे सुमारे २५ ॲम्पिअर-तास धरा. १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून आपल्याकडे तिच्यावर दोन रात्री निघतील. उणे १० अंशांत मात्र तिची क्षमता दोन तृतीयांशाच्या आसपास उरते आणि दुसरी रात्र पुरी पडत नाही. शिवाय थंडीत तिला भरायला दाबही जास्त लागतो: ३० अंशांवर जे १४.२ व्होल्ट पुरतात, ते उणे १० अंशांवर जवळजवळ एक व्होल्टने कमी पडतात. त्यामुळे तापमानाचा सेन्सर नसलेला चार्जर बॅटरी अर्धवट भरून काम झाल्याचे सांगतो. पूर्ण उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतले पाणी उणे १० अंशांच्या आधीच गोठू लागते, भरलेलीचे गोठत नाही, हेही ध्यानात ठेवा. लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते; परंतु शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तिचे कायमचे नुकसान होते. म्हणून थंडीत चार्जिंग आपोआप रोखणारी बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारे सर्किट) असलेलीच घ्यावी, आणि बॅटरी गाडीच्या आतल्या उबेत ठेवून, ती कोमट झाल्यावरच चार्जर लावावा.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त हीटर अडतात, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. बॅटरी आणि हीटर यांत ५ मीटर अंतर असेल तर वीज जाऊन-येऊन १० मीटर तांब्यातून जाते. १.५ चौरस मिलिमीटरची वायर असली तर १० ॲम्पिअरला जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच हरवतात. बॅटरीवर १२ व्होल्ट असले तरी हीटरला १०.८ मिळतात, आणि साधारण १०.५ च्या आसपास बहुतेक हीटर कमी दाबाचा दोष दाखवून थांबतात. तेच ६ चौरस मिलिमीटरला जेमतेम ०.३ व्होल्टची घट होते. आपल्या खाऱ्या हवेत साधे तांबे लगच्या (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाच्या) आत हिरवे पडते, म्हणून ट्रॉलरवर वापरतात ती कथिलाचा मुलामा असलेली वायर मी गाडीलाही वापरतो. लग क्रिम्पिंगच्या योग्य हत्याराने दाबून बसवावेत, पक्कडीने चेपू नयेत.

फ्यूज हीटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. येथे १५ किंवा २० ॲम्पिअरचा पुरतो. शॉर्ट झालेल्या वायरीतून बॅटरी शेकडो ॲम्पिअर सोडू शकते. फ्यूज हीटरजवळ लावला तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावर राहते. हीटरची जोडणी इग्निशनच्या चावीवरून घेऊ नये आणि सोलर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरूनही घेऊ नये, कारण दोन्ही ठिकाणी वीज कोणी न विचारता तोडली जाते. बॅटरी वाचवण्यासाठी, दाब उतरला की वीज तोडणारा कटऑफ लावायचाच असेल तर त्याची मर्यादा हीटरच्या स्वतःच्या कमी दाबाच्या मर्यादेखाली ठेवा, म्हणजे आधी हीटर आपल्या क्रमाने थांबेल.

विजेशी संबंध नसला तरी सोडता येणार नाही अशी एक गोष्ट: धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत नसावा, तिचे तोंड खिडकी व हवा ओढणाऱ्या नळीपासून दूर असावे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालणारा असावा. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. स्पितीतले काझा साडेतीन हजार मीटरांहून उंचावर आहे. तेथे हवा विरळ असल्याने ज्वलन अपुरे होते, म्हणून उंचीची सोय असलेला कंट्रोलर असल्यास ती चालू करा, नसल्यास पंपाची गती कमी करा.

निघण्याआधीची चाचणी पर्वरीतच, उघड्यावर करा. येथील हवेत थर्मोस्टॅट हीटरला लगेच खाली आणेल, म्हणून पंपाची गती हाताने ठरवण्याच्या पर्यायावर चालवा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, कारण इलेक्ट्रिशियनकडे असलेले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. ग्लो प्लग चालू असताना बॅटरीवरचा आणि हीटरच्या प्लगवरचा दाब दोन्ही पाहा, आणि त्यांतला फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वायर किंवा जोड बदला. थंडीत ग्लो प्लग जास्त वेळ चालतो आणि बॅटरीचा दाबही आणखी खाली येतो, म्हणून येथे काठावर पास झालेली जोडणी तेथे नापास होईल.

रोजचा क्रमही ठरवून ठेवा. चार्जर लावताना आधी त्याचे चिमटे बॅटरीला, मग भिंतीचे बटण. काढताना आधी भिंतीचे बटण, मग चिमटे, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडणार नाही. हीटर फक्त त्याच्या बटणाने बंद करावा, पंखा आपणहून थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि बॅटरीचा मुख्य स्विच त्यानंतरच बंद करावा.