समाजशास्त्रात पदवी घेतली, आता नोकरी कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की पदवी हातात आली, पण ‘समाजशास्त्रज्ञ हवा’ अशी जाहिरात कुठेच दिसत नाही आणि आता एम.ए. करावं की वेगळंच काही, ते कळत नाहीये. ती जाहिरात दिसेल याची वाट बघू नका. विद्यापीठं आणि संशोधन संस्था सोडल्या तर त्या नावाचं पद क्वचितच असतं. त्यामुळे शोधताना विषयाचं नाव टाकू नका, कामाचं टाका: संशोधन सहायक, यूजर रिसर्च (लोक एखादी वस्तू किंवा अ‍ॅप कसं वापरतात याचा अभ्यास), मार्केट रिसर्च, धोरण विश्लेषण, किंवा सामाजिक संस्थांमध्ये चालणारं ‘मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन’, म्हणजे उपक्रम नीट चाललाय का आणि त्याचा उपयोग होतोय का हे तपासणं. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्रवाल्यांचंही हेच.

मी सर्वेक्षणाच्या कामात आहे. उमेदवारांशी बोलताना मी गुणपत्रिका सगळ्यात शेवटी बघते. आधी एक प्रश्न पुढे ठेवते: ‘तुमच्या भागातल्या वीज आणि पाणीपुरवठ्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ यात काय चुकलंय? ज्याच्याकडे वीज चोवीस तास आहे पण नळ कोरडा आहे, त्याने खूण कुठे करायची, असं जो चटकन विचारतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

मग एक फाइल उघडून देते. वयाच्या रकान्यात मधेच ९९९ असतं. उत्तर मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ते न काढता सरासरी काढली तर बघा: १०० पैकी ९५ जणांचं सरासरी वय ३५ आणि उरलेल्या ५ जणांपुढे ९९९, की सरासरी थेट ८३ च्या वर! आकडा बघून ज्याच्या भुवया उंचावतात तो माणूस मला हवा असतो. सॉफ्टवेअर काय, शिकवता येतं.

तरी एक्सेल पक्कं करून घ्या, आणि त्यानंतर ‘आर’ (R) हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे. एसपीएसएस किंवा स्टाटा ही त्याच कामाची विकतची सॉफ्टवेअर गरज पडली तर नंतर. पण नुसत्या कोर्सच्या सर्टिफिकेटांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा ‘वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे’चा, म्हणजे देशोदेशीच्या लोकांची मूल्यं आणि मतं विचारणाऱ्या सर्वेक्षणाचा, डेटा उतरवून घ्या (१९८१ पासूनच्या फेऱ्या आहेत, पैसे लागत नाहीत), एकच छोटा प्रश्न निवडा आणि दोन पानांचं टिपण लिहा. आलेख दोनच, पण नीट. अर्जासोबत ते जोडलं की तुम्ही काय करू शकता हे वेगळं सांगत बसावं लागत नाही.

आकड्यांचा कंटाळा असेल तर निरीक्षण आणि मुलाखतींच्या कामाकडे वळा. लूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी लोक कॉपी मशीन वापरताना कुठे अडतात याचं व्हिडिओवर चित्रण करून बारकाईने निरीक्षण केलं. मशीनची माणसाबद्दलची समजूत आणि माणूस प्रत्यक्षात काय करतो, यातली तफावत त्यांनी दाखवली. आज कंपन्यांमधले यूजर रिसर्चवाले साधारण हेच करतात.

सुरुवात बहुधा फील्डवर्कने होईल. पगार बेताचा, पायपीट भरपूर आणि दार तोंडावर बंद होणं रोजचंच. ते करा. ज्यांनी स्वतः दारोदार प्रश्न विचारलेत त्यांची प्रश्नावली ओळखू येते. मात्र ‘अनुभव मिळेल’ म्हणून महिनोन्‌महिने फुकट राबवणाऱ्यांपासून लांब राहा.

एम.ए.चं म्हणाल, तर निर्णय पुढे ढकलायला म्हणून करू नका. ज्या कामाच्या जाहिराती तुम्हाला आवडल्या त्यांत ती पदवी मागितली असेल तर जरूर करा. प्राध्यापक व्हायचं असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर आधी वर्षभर काम करा. आणि ते काम करणाऱ्या कोणाला मेल लिहाल तेव्हा ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम लिहू नका. कालचा दिवस कशात गेला, एवढंच विचारा. उत्तर येण्याची शक्यता वाढते.