कॉफीचे भांडे, झाडांची पत्रे आणि व्हॉट्सॲपवरची थट्टा

प्रश्न : सकाळी आमराईत फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींचा एक व्हॉट्सॲप गट आहे. इंटरनेटवर आढळलेल्या गमतीदार गोष्टी मी तेथे पाठवीत असतो. केंब्रिजमध्ये कॉफीच्या भांड्यावर नजर ठेवण्यासाठी कॅमेरा बसवला होता आणि मेलबर्नमध्ये लोकांनी झाडांना पत्रे लिहिली होती, असे मी लिहिताच ही शुद्ध थाप आहे म्हणून सर्वांनी माझी थट्टा केली. हे खरे आहे काय? अशा गोष्टी पाठवताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ती थाप नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे यंत्र होते आणि इतर मजल्यांवरील संशोधक जिने उतरून तेथे येत, तेव्हा भांडे पुष्कळदा रिकामे असे. म्हणून १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा रोखण्यात आला आणि क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेत्स्की यांनी लिहिलेल्या प्रणालींमुळे त्याचे लहानसे कृष्णधवल चित्र प्रत्येकाला आपल्या टेबलावर दिसू लागले. १९९३ मध्ये ते वेबवर आले आणि ज्यांना ती कॉफी कधीच मिळणार नव्हती असे जगभरचे लोक भांडे भरले की नाही हे पाहू लागले! २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. यंत्राचा लिलाव होऊन ‘श्पिगेल’ या जर्मन साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने ते ३,३५० पौंडांना घेतले.

मेलबर्नच्या झाडांची हकिकतही अशीच खरी आहे. धोकादायक फांद्यांची तक्रार करता यावी म्हणून तेथील नगरपालिकेने झाडांना ई-मेल पत्ते दिले. नागरिकांनी मात्र झाडांनाच प्रेमपत्रे लिहिली, आणि काहींना उत्तरेही आली.

काळजीबद्दल म्हणाल, तर स्थळ, साल आणि माणसांची नावे नसलेला मजकूर, तो कितीही मजेदार असला तरी, आम्ही पुढे पाठवणार नाही. ‘नासानेही मान्य केले’ अशी सुरुवात असेल तर अधिकच सावध राहावे. मजकुराची नक्कल करण्यापेक्षा मूळ पानाचा दुवा द्यावा. ते पान नाहीसे झाले असल्यास ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याचा पत्ता घालून पाहावा, कारण तेथे असंख्य पानांच्या जुन्या प्रती तारखांसह जपलेल्या आहेत. कॉफीच्या यंत्राची हकिकत तर स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी स्वतःच लिहिली असून ती केंब्रिजच्या संगणक विभागाच्या संकेतस्थळावर आहे. आपल्या मित्रांना तिचाच दुवा पाठवावा.