लेकराला जरा एकटं खेळू दे

हे बघ पोरी, लेकरू खेळत असलं की त्याच्या मागं मागं फिरणं आधी सोड. दोन-अडीच वर्षांचं पोट्टं दहा-पंधरा मिनिटं आपल्या नादात रमलं तरी पुष्कळ झालं. तू स्वयंपाकघरात, ते ओसरीवर. आवाज कानावर येत राहिला पाहिजे. एकदम गप्प झालं की मात्र उठायचं.

पण आधी खाली बसून त्याच्या उंचीवरून घर पाहा. सगळ्यात बेइमान वस्तू म्हणजे आपला लोखंडी कूलर. पत्र्यात करंट उतरलेला असला आणि लेकरू ओल्या हातानं, अनवाणी टेकलं तर संपलं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घे, पाणी भरताना प्लग काढ, आणि ते एकटं असेल तिथं कूलर चालू ठेवूच नको. बादली रिकामी करून पालथी घाल; वीतभर पाण्यातही लहान मूल बुडतं. फवारणीचं औषध घरात नकोच, कोठ्यात कुलपात. त्याचे रिकामे डबे लेकरांना खेळायला देणारे महाभाग आहेत! पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीगही अंगणापासून लांब, विंचू त्यातच दडतात.

खेळणी विकत आणायची गरज नाही. चाळणी, जुनी परात, दोन वाट्या पुरतात. चिंचोके, तुरीचे दाणे मात्र देऊ नको, सरळ नाकात जातात.

कुरकुरलं तर धावू नको, "इथंच आहे रे" म्हणून हाक दे. सासूबाई बोलतील, बोलू दे. विहिरीला कठडा नसेल तर मात्र त्यांचंच ऐक, अंगणात एकटं सोडू नको.