बेळगावात लग्नासाठी आठ खोल्या हव्यात, हॉटेल निम्मे पैसे आगाऊ मागतंय. द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावात लग्न आहे, पुण्याहून वीसेक माणसं येणार आहेत आणि दोन रात्रींसाठी आठ खोल्या हव्यात. हॉटेल 16,000 रुपये ॲडव्हान्स मागतंय, वर 'परत मिळणार नाहीत' असंही सांगतंय. बुकिंग ॲपवर मात्र तसल्याच खोल्या 'पे ॲट हॉटेल'मध्ये, म्हणजे पैसे तिथं पोचल्यावर द्यायचे अशा, दिसतात.

मी बेळगावचाच. बसस्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर बरीच वर्षं बसलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत. माझं मत: ॲडव्हान्स द्या, पण 'परत नाही' ही अट आहे तशी मान्य करू नका.

आधी डिसेंबरचं सांगतो, कारण सगळं गणित तिथंच बदलतं. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण याच दिवसांत बेळगावातल्या सुवर्णसौध या विधानभवनात भरतं. आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार यांच्यासाठी शहरातल्या खोल्या घाऊक घेतल्या जातात. त्यात लग्नसराई, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी कोल्हापूरकडची मंडळी. एरवी पावसाळ्यात गोकाकचा धबधबा नाहीतर चोर्ला घाट बघायला येणाऱ्या दोघांना मी बिनधास्त 'पे ॲट हॉटेल' घ्या म्हणेन. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोल्या मिळतातच. अधिवेशनाच्या आठवड्यात आठ खोल्यांसाठी तो पर्याय कच्चा आहे. काउंटरवर काय होतं ते ऐका. रात्री नऊ वाजलेत, समोर रोख पैसे घेऊन माणूस उभा आहे, आणि यादीत एक नाव आहे ज्याचा एक रुपयाही आलेला नाही. त्या नावाला एकदा फोन जातो. तुम्ही घाटात असाल, रेंज नसेल, फोन लागला नाही, की खोली गेली. पैसे जमा असलेल्या नावाची खोली सहसा कुणी असं देत नाही.

आता घासाघीस कुठं करायची ते. रकमेवर फार ताणू नका. दोन रात्रींच्या लग्नाच्या बुकिंगला एका रात्रीचं भाडं आगाऊ मागणं गैर नाही. 16,000 एकदम देण्याऐवजी आता 5,000 आणि दहा दिवस आधी बाकीचे, असं विचारा. बरेच मालक ऐकतात. खरा जोर अटींवर लावा. लग्नात माणसं कमी-जास्त होतात, म्हणून सात दिवस आधीपर्यंत दोन खोल्या सोडता आल्या पाहिजेत आणि त्यांचे पैसे उरलेल्या बिलात वळते झाले पाहिजेत.

दुसरी अट सीमाभागाबाहेरच्या माणसाला सुचणार नाही. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यावरून वातावरण तापतं, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवाअडवी होते. फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टरवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या थांबल्या होत्या. तुमचे पाहुणे कोल्हापुरात अडकले, तर पहिल्या रात्रीचे पैसे बुडायला नकोत. हे आधी बोललेलं असलं की मालकही समजून घेतो. त्यालाही हे दिवस नवे नाहीत.

सगळं ठरलं की पैसे पाठवण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर असा मजकूर टाका: 'अमुक तारखेला दुपारी 12 पासून दोन रात्री, डबल खोल्या आठ, दर 2,000 अधिक जीएसटी, ॲडव्हान्स 16,000. सात दिवस आधीपर्यंत दोन खोल्या कमी केल्यास पैसे बिलात वळते. रस्ता किंवा बस बंद राहिल्यास तारीख बदलून मिळेल.' त्यावर त्यांचा 'ओके' आला की मगच यूपीआय करा. बेळगावात मराठीत लिहिलेलं चालतं.

जीएसटी आत धरलाय की वेगळा, तेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के लागतो, म्हणजे तुमच्या 32,000 वर 1,600. जुना 12 टक्क्यांचा दर कुणी सांगितला तर बिल मागा. खोलीत शिरताना काही लॉज वेगळं डिपॉझिट घेतात, निघताना परत देतात. त्याची पावती घ्या.

फसवणुकीबद्दल. नकाशावर हॉटेलच्या नावाखाली भलत्याचाच नंबर चढवलेला असतो, तो ॲडव्हान्स घेतो आणि गायब होतो. यूपीआय करताना खातेदाराचं नाव दिसतं, पण इथं घोळ आहे: छोट्या लॉजमध्ये मालकाचं वैयक्तिक खातं असणं नेहमीचं, त्यामुळे लॉजऐवजी शेट्टी किंवा पाटील दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. कुणाचं नाव दिसेल ते फोनवर आधी विचारा आणि जुळवा. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे लग्नघरातल्या कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवा, खोल्या बघू द्या, काउंटरवरचाच क्यूआर स्कॅन करून पैसे भरू द्या. तुमची माणसं गावातच आहेत, हा फायदा सोडू नका. पैसे 'परत घेण्यासाठी' पिन टाका असं कुणी म्हटलं, तर तिथंच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

हॉटेल खरं असून ॲडव्हान्स घेतल्यावर खोली दिली नाही, तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे पुण्यातच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्हॉट्सॲपवरचा 'ओके' तेव्हा कामी येतो.

एक विनंती मात्र मनापासून करतो. ॲडव्हान्स एकीकडे आणि ॲपवरच्या आठ खोल्या दुसरीकडे, असं दुहेरी धरून ऐनवेळी एक सोडू नका. त्या आठवड्यात केएलई हॉस्पिटलात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक रात्री खोलीसाठी दारोदार फिरत असतात. कमी-जास्त झालं तर एखाद-दुसरी खोली लग्नघराच्या ओळखीनं मिळते, तेवढं त्यांच्यावर सोपवा.