वाचकांचे प्रश्न : मिक्सच्या आधी सीजी

प्रश्न : माझं 1.2 मीटर पंखांचं बाल्साचं, रेडिओवर उडवायचं इलेक्ट्रिक एरोबॅटिक मॉडेल विमान सरळ छान उडतं. उलटं केलं की मात्र नाक पडतं, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) बराच दाबून धरावा लागतो. नाइफ-एजमध्ये (पंख उभे करून, कुशीवर उडताना) रडर (शेपटीची उभी पट्टी) दिला की चाकांच्या बाजूला ओढतं. रडर-एलेव्हेटर मिक्स (रडर दिला की रेडिओ आपोआप थोडा एलेव्हेटरही देतो ते) 20 टक्क्यांपर्यंत नेलं, तरी जमेना. उभं चढताना डावीकडे जातं. मिक्स किती ठेवावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ते मिक्स शून्यावर आणा. तुमचं विमान नाकाकडे जड आहे, म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य) फार पुढे आहे. ते सुधारेपर्यंत मिक्सचा कुठलाच आकडा खरा नाही. उतरल्यावर रेडिओ चालू ठेवून, ट्रिमला (काडी मध्यावर असताना पट्टी कुठे राहील याच्या बारीक जुळवणीला) हात न लावता एलेव्हेटरची मागची कड पाहा. ती स्टॅबच्या (शेपटीच्या स्थिर आडव्या भागाच्या) रेषेपेक्षा मिलिमीटरभर वर दिसली, तर शंकाच नको. सरळ उडताना नाक सावरणारं हेच ट्रिम उलट्या विमानाला जमिनीकडे ओढतं.

बॅटरी 5 मिलिमीटर मागे सरकवा, सरळ उड्डाणाचं ट्रिम नव्याने लावा. मग भरपूर उंचीवर 45 अंशांत चढत विमान उलटं करा आणि रेडिओवरची एलेव्हेटरची काडी सोडा. तीन-चार सेकंद रेषा टिकून मग नाक हळूच खाली आलं, तर सीजी जागेवर. लगेच पडलं तर आणखी 5 मिलिमीटर मागे. उलटं असताना आपणहून आणखी वर चढू लागलं, तर जास्त मागे गेलात.

इथे बरेच जण फसतात. वर उचललेला एलेव्हेटर नाइफ-एजमध्ये विमानाला कॅनोपीकडे (चाकांच्या विरुद्ध, वरच्या बाजूला) ओढत असतो, त्यामुळे चाकांकडची मूळ ओढ थोडी झाकली जाते. सीजी मागे नेल्यावर ती वाढलेली दिसेल. घाबरून बॅटरी पुन्हा पुढे नेऊ नका.

डावीकडे जाण्यावर उपाय म्हणजे राइट थ्रस्ट, मोटर किंचित उजवीकडे वळवणं. पण आधी वारा पडलेला असताना, पंख अगदी समतल ठेवून वर ओढा. एक पंख खाली राहिला तरी विमान तिरकं चढतं आणि दोष मोटरला लागतो. तरीही डावीकडेच गेलं, तर मोटर माउंटच्या डाव्या स्क्रूंखाली अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर घाला (डावी बाजू पायलटची). स्क्रूंमधलं अंतर 50 मिलिमीटर असेल तर मोटर साधारण अर्धा अंश उजवीकडे वळते. रडर ट्रिमने हे झाकू नका, थ्रॉटल कमी होताच ते उलटं नडतं.

मिक्स आता. डाव्या आणि उजव्या रडरला वेगळा आकडा द्या, 3 टक्क्यांपासून सुरू करा. लो रेटवर (रडर कमी हलणाऱ्या सेटिंगवर) जुळवलेलं मिक्स मोठ्या रडरला पुरेलच असं नाही. तिथे कर्व्ह (रडरप्रमाणे बदलत जाणारा मिक्सचा आकडा) लागतो.

प्रश्न : स्पेक्ट्रमचा रेडिओ सोडून फुताबा घेतला. एक्स्पो (मध्याजवळ काडी किती मऊ वा तीव्र, ते ठरवणारं सेटिंग) तेच, 40 टक्के, तरी विमान फार बिचकतं. का?

उत्तर : चिन्ह उलटं आहे. स्पेक्ट्रममध्ये अधिक एक्स्पो मधला भाग मऊ करतो, फुताबात उणे. -40 ठेवा. उडवण्याआधी काडी पाव अंतर सरकवून पाहा : एक्स्पो शून्य असताना एलेरॉन (पंखाची हलणारी पट्टी) जितका हलतो, त्यापेक्षा कमी हलला पाहिजे.