बाबांचं बीपी नॉर्मल आहे, तरी किडनीसाठी बीपीची गोळी का दिली?

तुम्ही लिहिलंय की बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, बीपी नॉर्मल येतं, लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून डॉक्टरांनी लोसार्टन चालू केली आणि नेटवर बघितलं तर ती बीपीची गोळी निघाली, त्यामुळे घरचे म्हणतायत बंद करा. आधी हे सांगते, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मी मेडिकल कॉलेजला फिजिऑलॉजी शिकवते, किडनीचा भाग माझ्याकडेच असतो, आणि ही गोळी किडनीला का देतात यामागे बॅरी ब्रेनर या अमेरिकन डॉक्टरांचं जवळपास अख्खं करिअर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, ग्लोमेरुलस म्हणतात त्यांना. रक्त आत आणणारी एक नळी, बाहेर नेणारी एक, आणि मध्ये केशवाहिन्यांचा गुंता. त्या गुंत्यात प्रेशर किती असतं हे सस्तन प्राण्यात थेट मोजणं फार अवघड, कारण गाळण्या आत खोल दडलेल्या. पण म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांमध्ये काही गाळण्या किडनीच्या अगदी वरच्या थरात असतात, मायक्रोस्कोपखाली दिसतात. ब्रेनर तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला होते, त्यांच्या टीमने काचेच्या नळीचं काही मायक्रॉनचं टोक जिवंत उंदराच्या त्या गुंत्यात घालून प्रेशर मोजलं. १९७१ ला पेपर आला, आकडा साधारण ४५ मिलिमीटर (बीपी मोजतात तेच पाऱ्याचे मिलिमीटर). वाचायला एका ओळीचं काम आहे पण श्वासागणिक हलणाऱ्या किडनीवर हे करायचं म्हणजे हाताची काय कमाल असेल बघा.

१९७६ ला ते बोस्टनच्या ब्रिगम हॉस्पिटलला गेले आणि तिथे पुढचा प्रश्न घेतला, की किडनीचा बराच भाग गेला तर उरलेल्या गाळण्यांचं काय होतं? त्यांच्या टीमला दिसलं की उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम अंगावर घेतात, त्यांच्यातलं प्रेशर वाढतं, आणि त्या जास्तीच्या कामानेच त्याही हळूहळू खराब होतात. म्हणजे मूळ आजार थांबला तरी किडनी पुढे बिघडतच राहते.

तुमचं उत्तर १९८६ च्या प्रयोगांत आहे. रोबेर्टो झाट्झ यांच्यासोबत त्यांनी डायबिटीस झालेल्या उंदरांना एनालाप्रिल हे बीपीचंच एक औषध दिलं. या उंदरांचं अंगातलं बीपी नॉर्मल होतं, वाढलं होतं फक्त गाळणीतलं प्रेशर. गोळीने ते उतरलं, शुगर तशीच असूनही लघवीतलं प्रोटीन रोखलं गेलं. त्याच वर्षी शॅरन अँडरसन यांच्यासोबत दुसरा प्रयोग, बीपी दोन प्रकारच्या औषधांनी सारखंच उतरवलं पण किडनी वाचली ती एनालाप्रिलवाल्या उंदरांचीच. कारण अँजिओटेन्सिन नावाचं रसायन बाहेर जाणारी नळी आवळतं, बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबल्यावर मागे प्रेशर वाढतं तसं, आणि एनालाप्रिल काय किंवा बाबांची लोसार्टन काय, ते बोट सैल करतात. दंडाला पट्टा बांधून हे प्रेशर दिसत नाही.

उंदरावर झालं म्हणजे माणसावर होतंच असं नाही. १९९३ ला शिकागोच्या एडमंड लुईस यांनी टाइप १ डायबिटीसच्या ४०९ पेशंटवर एनालाप्रिलच्याच जातीचं कॅप्टोप्रिल वापरून फायदा दाखवला, आणि २००१ ला स्वतः ब्रेनर यांनी टाइप २ च्या १५१३ पेशंटवर लोसार्टन तपासली, किडनी निकामी व्हायचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. त्यातल्या बहुतेकांना बीपीही होतं हे खरं, पण बीपी जेवढं उतरलं त्या हिशोबापेक्षा फायदा जास्त होता. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि प्रोटीन कमी खाल्ल्याने किडनी टिकते हा त्यांनी १९८२ ला मांडलेला विचार माणसांवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये तितका स्पष्ट ठरला नाही, त्यामुळे बाबांची डाळ-उसळ परस्पर बंद करू नका, डाएटिशियनला विचारून किती ते ठरवा.

आता कामाचं. गोळी चालू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती नीट गाळते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, घाबरून जाऊ नका, गाळणीतलं प्रेशर उतरल्याचाच तो परिणाम असतो, पण ३० टक्क्यांच्या वर गेलं किंवा पोटॅशियम वाढलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करून विचारा गोळी थांबवायची का. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून घेऊ देऊ नका, बऱ्याच घरांत किडनीचं नुकसान तिथेच होतं.

आणि पुढच्या व्हिजिटला कॅनाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन बाबांना चालेल का हे नक्की विचारा. ती शुगरची औषधं, पण गाळणीतलं प्रेशर दुसऱ्या बाजूने उतरवतात, रक्त आत येतानाच, आणि लोसार्टनसारख्या गोळीच्या जोडीने देतात. कॅनाग्लिफ्लोझिनची किडनीवरची मोठी ट्रायल २०१९ ला आली, तिच्या लेखकांतही ब्रेनर आहेत. डापाग्लिफ्लोझिन आता आपल्याकडे जेनेरिकमध्ये बरीच स्वस्त मिळते.